सबवूफरसाठी क्रॉसओव्हर आणि इक्वलायझर कसा निवडावा?

घरात सबवूफर आला की काही दिवसांतच दोन तक्रारी सुरू होतात. एक म्हणजे चित्रपटातला स्फोट दणदणीत वाटतो, पण गाण्यातला बेस नुसता घुमतो. दुसरी म्हणजे सोफ्याच्या एका टोकाला बेस अंगावर येतो आणि दुसऱ्या टोकाला गायब होतो. मग कुणी मोठा सबवूफर घ्या म्हणतं, कुणी इक्वलायझर सुचवतं, आणि आपण पुन्हा दुकानाची पायरी चढतो.

बहुतेक घरांत सबवूफर निर्दोष असतो. बिघाड असतो तो सबवूफर आणि मुख्य स्पीकर यांच्यातल्या कामाच्या वाटणीत, नाहीतर खोलीत. वाटणीचं काम क्रॉसओव्हर करतो. खोलीने आवाजात घातलेली भर इक्वलायझर कमी करतो. यात क्रम फार महत्त्वाचा आहे. आधी जागा, मग क्रॉसओव्हर, आणि सगळ्यात शेवटी इक्वलायझर. हा क्रम उलटा केला की पैसेही जातात आणि आवाजही सुधारत नाही.

आधी खोलीचं गणित

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४४ मीटर, म्हणजे साधारण ११३० फूट जातो. त्यामुळे ८० हर्ट्झच्या लहरीची लांबी ४.३ मीटर भरते, ४० हर्ट्झची ८.६ मीटर आणि २० हर्ट्झची १७ मीटर. आपल्या फ्लॅटचा हॉल याच मापाचा किंवा याहून लहान असतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये लहरीची अर्धी लांबी नेमकी बसली की ती वारंवारता खोलीत साचते. तिथे आवाज फुगतो आणि वाद्य थांबल्यावरही रेंगाळतो.

तुमच्या हॉलमध्ये कुठल्या वारंवारता साचतील हे काढायची रीत सोपी आहे. भिंतींमधलं अंतर फुटांत मोजा आणि ५६५ ला त्या आकड्याने भागा. १६ फूट लांब, साडेबारा फूट रुंद आणि साडेनऊ फूट उंच हॉल घेतला, तर लांबीमुळे ३५, रुंदीमुळे ४५ आणि उंचीमुळे ५९ हर्ट्झ हे आकडे येतात. आता बास गिटारचं उदाहरण पाहा. तिची सर्वांत जाड तार मोकळी वाजली तर ४१ हर्ट्झ देते, दुसऱ्या पडद्यावर दाबली की ४६. म्हणजे वादक दोन पडदे वर सरकला की या हॉलमध्ये नेमका तो एक स्वर फुगणार. ‘बेस घुमतो’ म्हणतात तो बहुधा असा एखाद-दुसरा स्वर असतो.

परदेशी पुस्तकांतले सल्ले वाचताना एक फरक ध्यानात ठेवा. अमेरिकेतल्या घरांत लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे लावलेल्या भिंती सर्रास असतात. त्या थोड्या हलतात, आणि काही बेस त्यांच्यात जिरतो किंवा बाहेर निसटतो. आपल्याकडच्या विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंती, वर स्लॅब आणि खाली टाइल्स बेसला जागच्या जागी परतवतात. त्यामुळे आपल्या खोल्यांत हे उंचवटे जास्त टोकदार असतात. पातळ फोम किंवा पडद्यांनी ४५ हर्ट्झवर काही फरक पडत नाही.

म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे. सबवूफर जिथे तुम्ही बसता त्या जागी ठेवा आणि बेसच्या सलग ओळी असलेलं गाणं लावा. मग सबवूफर जिथे जिथे ठेवता येईल, त्या त्या ठिकाणी जमिनीलगत डोकं नेऊन ऐका. जिथे सगळे स्वर सारख्या जोराने ऐकू येतील ती जागा सबवूफरची. कोपऱ्यात ठेवला तर आवाज सर्वांत मोठा येतो, पण खोलीतल्या सगळ्या साचणाऱ्या वारंवारता एकदम जाग्या होतात. भिंतीच्या मध्यावर ठेवला तर त्या भिंतीच्या दिशेची पहिली वारंवारता जवळजवळ उठतच नाही. हर्मन कंपनीतले संशोधक टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये अनेक सबवूफरच्या मांडणीचा अभ्यास मांडला. समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर वेगवेगळ्या आसनांवरचा फरक बराच कमी करतात, हा त्यातला घरगुती वापरासाठी सर्वांत उपयोगी निष्कर्ष. दोन-तीन माणसं मिळून ऐकणार असतील, तर एका महागड्या सबवूफरऐवजी दोन मध्यम सबवूफरचा विचार अवश्य करा.

क्रॉसओव्हर: किती हर्ट्झवर, किती उताराचा

क्रॉसओव्हरमध्ये दोन फिल्टर असतात. खालचा पट्टा सबवूफरकडे पाठवणारा लो-पास आणि वरचा पट्टा मुख्य स्पीकरकडे पाठवणारा हाय-पास. बाजारात ‘क्रॉसओव्हर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक वस्तूंत फक्त लो-पास असतो. सबवूफरच्या पाठीवरचा नॉबही लो-पासच असतो. हाय-पास नसेल तर मुख्य स्पीकर खालचा बेसही वाजवत राहतात आणि सबवूफर व स्पीकर यांची हद्द जिथे मिळते त्या सांध्याच्या पट्ट्यात दोघांची गर्दी होते. शिवाय, तेवढाच मोठा आवाज एक सप्तक खाली काढायचा तर स्पीकरच्या पडद्याला चौपट पुढेमागे हलावं लागतं. पाच इंची वूफरला ४० हर्ट्झच्या कामातून मोकळं केलं की त्याचा मधला पट्टाही स्वच्छ होतो. म्हणून खरेदी करताना पहिला प्रश्न विचारा: मुख्य स्पीकरसाठी हाय-पास आहे का?

आकडा ठरवायला मुख्य स्पीकरचं माहितीपत्रक बघा. स्पीकर जिथवर खाली नीट उतरतो, त्याच्या अर्ध्या ते एक सप्तक वर क्रॉसओव्हर ठेवा. ५० हर्ट्झपर्यंत उतरणाऱ्या बुकशेल्फ स्पीकरला ८० हर्ट्झ छान बसतो. छोट्या सॅटेलाइट स्पीकरना १२० किंवा त्याहून वर जावं लागतं, पण तिथे सबवूफर कुठून वाजतोय हे कानाला कळू लागतं. अशा संचात सबवूफर पुढेच, दोन स्पीकरच्या मधल्या भागात ठेवणं बरं. टॉमलिन्सन होलमन यांनी उभ्या केलेल्या टीएचएक्सच्या घरगुती मानकात ८० हर्ट्झचा आकडा आला आणि तिथूनच तो रूढ झाला. सुरुवात ८० वरून करा. ६० आणि १०० करून ऐका, आणि मापनात जिथे सांधा सर्वांत सपाट दिसेल तिथे थांबा.

उतार म्हणजे सांध्यापलीकडे आवाज किती झपाट्याने खाली जातो ते माप. ते प्रति सप्तक डेसिबेलमध्ये सांगतात. १२ डेसिबेलचा उतार असेल तर १६० हर्ट्झलाही सबवूफर पुरेसा ऐकू येतो आणि निवेदकाचा आवाज जमिनीतून आल्यासारखा वाटतो. २४ डेसिबेलचा उतार घेतला तर १६० वर तो साधारण २४ डेसिबेल खाली जातो. सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या रचनेत दोन्ही बाजू सांध्यावर ६ डेसिबेल खाली असतात आणि एकमेकींच्या फेजमध्ये राहतात, म्हणजे दोघींच्या लहरी एकाच वेळी वर-खाली होतात, म्हणून बेरीज सपाट येते. यादीत ‘लिंकविट्झ-रायली २४’ दिसलं तर पहिली पसंती त्याला द्या.

हा सांधा किती नाजूक ठिकाणी पडतो हे तानपुऱ्यावरून समजेल. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्यातली जोडीची तार सुमारे १३९ हर्ट्झची आणि खर्जाची तार ६९ हर्ट्झची. क्रॉसओव्हर ८० वर असेल तर खर्जाची मूळ लहर मुख्यतः सबवूफर वाजवतो, आणि त्याच तारेचे वरचे स्वरांश मुख्य स्पीकरमधून येतात. एकच तार दोन खोक्यांतून वाजते. पातळी, उतार किंवा फेज चुकली तर खर्ज तारेपासून सुटून वेगळाच हुंकार देतो. चांगल्या ध्वनिमुद्रणातला संथ आलाप आणि विलंबित ठेक्यातला डग्गा लावून बघा. डग्ग्याचा घुमारा वर चढताना मध्येच एका जागी फुगला तर खोली बोलतेय. तो एका खोक्यातून दुसऱ्यात उडी मारल्यासारखा वाटला तर सांधा चुकलाय.

तुमच्या संचाला काय लागेल

*एव्ही रिसीव्हर असेल तर* वेगळा क्रॉसओव्हर घेऊ नका, तो आतच आहे. स्पीकर मोठे असले तरी मेन्यूत ‘स्मॉल’ करा म्हणजे हाय-पास लागू होईल. सबवूफरचा स्वतःचा नॉब सर्वांत वर न्या किंवा ‘एलएफई’वर ठेवा, नाहीतर दोन लो-पास एकावर एक बसतात. ‘एलएफई प्लस मेन’ हा पर्याय बंद ठेवा. एलएफई वाहिनीचा लो-पास मात्र १२० हर्ट्झवरच असू द्या. चित्रपटातल्या खालच्या बेसची ती स्वतंत्र वाहिनी तिथवर असते आणि मुख्य स्पीकरच्या क्रॉसओव्हरशी तिचा संबंध नाही. नवा रिसीव्हर घेताना त्यातली ऑडिसी, डिरॅक किंवा वायपाओसारखी सुधारणा सबवूफरच्या वाहिनीवरही चालते का, हे विचारून घ्या. स्वस्त मॉडेलमध्ये ती मर्यादित असू शकते.

*साधा स्टिरिओ ॲम्प्लिफायर असेल आणि त्यात प्री-आउट व मेन-इन नसेल*, तर हाय-पास घालायला जागाच नसते. अशा वेळी सबवूफरला स्पीकरच्या वायरवरून सिग्नल द्या, मुख्य स्पीकर पूर्ण वाजू द्या, आणि सबवूफरचा लो-पास ५०-६० हर्ट्झपर्यंत खाली आणा. मग सबवूफर फक्त तळाची भर घालतो.

*प्री आणि पॉवर वेगळे असतील किंवा मध्ये शिरता येत असेल*, तर डिजिटल प्रोसेसर हा आजचा सर्वांत चांगला पर्याय. मिनीडीएसपी टू बाय फोर एचडी या प्रकारच्या छोट्या खोक्यात दोन इनपुट, चार आउटपुट, प्रत्येक वाटेला क्रॉसओव्हर, पॅरामेट्रिक इक्वलायझर आणि विलंब असं सगळं एकत्र मिळतं. क्रॉसओव्हर एका कंपनीचा आणि इक्वलायझर दुसऱ्या कंपनीचा घेण्यापेक्षा हे सोपं आणि स्वस्त पडतं.

*बाजारातून बांधून घेतलेला ॲम्प्लिफायर असेल*, तर त्यातल्या सब-फिल्टर बोर्डवर बहुधा फक्त लो-पास असतो. बांधणाऱ्याला मुख्य वाहिन्यांसाठी हाय-पास बोर्डही घालायला सांगा. ॲम्प्लिफायरनंतर कॉइल-कपॅसिटरचा पॅसिव्ह क्रॉसओव्हर लावायचा मोह टाळा. ८ ओहमच्या स्पीकरला ८० हर्ट्झवर अगदी साधा, ६ डेसिबेलचा फिल्टर करायचा तरी १६ मिलिहेन्रीची कॉइल आणि २५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो. एवढी कॉइल जड आणि महाग असते, तिच्या रोधात ताकद वाया जाते. आणि स्पीकरचा ओहम वारंवारतेनुसार बदलत असल्याने कागदावरचं गणित प्रत्यक्षात जुळत नाही.

फेज आणि विलंब

८० हर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबी साधारण सात फूट. म्हणजे आवाजाच्या दोन वाटांत सात फुटांचा फरक पडला तर सांध्यावर सबवूफर आणि स्पीकर एकमेकांना खोडतात. त्यात आजकालचे सबवूफर आतल्या डिजिटल प्रक्रियेमुळे काही मिलिसेकंद उशिरा वाजतात. रिसीव्हरने आपोआप मोजलेलं सबवूफरचं अंतर टेपने मोजलेल्यापेक्षा जास्त दिसतं ते याचमुळे. तो आकडा ‘दुरुस्त’ करू नका.

हाताने जुळवायचं असेल तर क्रॉसओव्हरच्याच वारंवारतेचा सलग स्वर लावा, सबवूफर आणि स्पीकर दोन्ही चालू ठेवा आणि फेजचा नॉब हळूहळू फिरवा. बसायच्या जागी आवाज सर्वांत मोठा होईल तिथे थांबा. विलंब फक्त वाढवता येतो, कमी करता येत नाही. उशीर सबवूफरचा असेल तर थांबवावे लागतात मुख्य स्पीकर. म्हणून प्रोसेसर निवडताना मुख्य स्पीकरचा सिग्नलही त्यातून जाईल अशी सोय बघा.

इक्वलायझर: ग्राफिक की पॅरामेट्रिक

दुकानात पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर जास्त आकर्षक दिसतो. सबवूफरच्या कामाला तो अपुरा आहे. ३१ पट्ट्यांच्या मोठ्या इक्वलायझरलाही या भागात ३१.५, ४०, ५०, ६३, ८० अशा ठरलेल्याच जागा असतात. आपल्या उदाहरणातला उंचवटा ४५ हर्ट्झवर आहे. ४० आणि ५० या दोन्ही पट्ट्या खाली ओढल्या तर साधारण ३६ ते ५६ हर्ट्झपर्यंतचा सगळाच पट्टा दबतो आणि चांगले स्वरही जातात.

पॅरामेट्रिकमध्ये तीन गोष्टी तुमच्या हातात असतात: वारंवारता, किती डेसिबेल, आणि क्यू म्हणजे किती अरुंद. वारंवारतेला क्यूने भागलं की रुंदी मिळते. ४५ हर्ट्झला क्यू ६ ठेवला तर साडेसात हर्ट्झचा अरुंद पट्टा. समजा मापनात ४५ वर ९ डेसिबेलचा टोकदार उंचवटा दिसला. तिथे क्यू ६ ने ८ डेसिबेल कापा, पुन्हा मोजा आणि मग क्यू थोडा मागेपुढे करून फिल्टर उंचवट्याच्या आकाराशी जुळवा. आकार नीट जुळला की त्या आसनावर स्वर रेंगाळणंही कमी होतं. पुरेशी साधनसामग्री म्हणजे सबवूफरच्या वाटेवर पाच-सहा पॅरामेट्रिक फिल्टर, एक हर्ट्झ किंवा त्याहून बारीक पायऱ्या आणि १० पर्यंतचा क्यू. काही सबवूफरमध्ये मोबाइल ॲपमधून चालणारे दोन-तीन फिल्टर असतात. एका आसनापुरते तेवढे अनेकदा पुरतात.

तीन पथ्यं पाळा.

१. खळगे भरू नका. दोन लहरी एकमेकींना खोडत असल्यामुळे जिथे आवाज पडतो, तिथे सिग्नल वाढवला तर दोन्ही लहरी वाढतात आणि खळगा तसाच राहतो. ६ डेसिबेल वाढवायला ॲम्प्लिफायरची चौपट ताकद लागते. ती ताकद कॉइल तापवण्यात जाते. खळग्याचा उपाय म्हणजे सबवूफर किंवा सोफा हलवणं. रुंद आणि उथळ खळग्याला फार तर ३ डेसिबेल द्या.

२. पोर्ट असलेल्या सबवूफरला त्याच्या पोर्टच्या ट्यूनिंगच्या वारंवारतेखाली कधीही वाढवू नका. त्याखाली पडद्याला पेटीतल्या हवेचा आधार राहत नाही आणि तो मर्यादेबाहेर हलतो. उलट ट्यूनिंगच्या खाली हाय-पास, म्हणजे सबसॉनिक फिल्टर आहे याची खात्री करा.

३. एका बिंदूसाठी जीव टाकू नका. डोक्याच्या जागी आणि तिच्या आजूबाजूला चार-पाच ठिकाणी मोजा, आणि सगळीकडे दिसतात तेच उंचवटे कापा.

मोजल्याशिवाय विकत घेऊ नका

रूम ईक्यू विझार्ड हा संगणकावरचा कार्यक्रम मोफत मिळतो. त्याच्यासोबत यूमिक-१ सारखा, स्वतःच्या कॅलिब्रेशन फाइलसह येणारा यूएसबी माइक घ्या. मोबाइलच्या माइकवर खालच्या बेससाठी भरवसा ठेवता येत नाही. माइक कानाच्या उंचीवर ठेवा, आणि १५ ते २०० हर्ट्झचा स्वीप, म्हणजे चढत जाणारा सलग स्वर, आधी फक्त सबवूफरचा, मग फक्त स्पीकरचा, मग दोघांचा मिळून घ्या. तिसरा आलेख सांध्यापाशी पहिल्या दोघांपेक्षा खाली गेला तर दोष फेजचा, आणि त्यावर इक्वलायझरचा काही उपयोग नाही. अनेकांची इक्वलायझरची खरेदी या एका आलेखामुळे वाचेल.

पूर्ण सपाट रेषा हे ध्येय ठेवू नका. ८० हर्ट्झपासून खाली जाताना बेस हलकेच ४ ते ६ डेसिबेल चढता असला तर बहुतेक कानांना तो नैसर्गिक वाटतो. उंचवटे कापल्यावर सबवूफर सुरुवातीला कमी वाजतोय असं वाटेल. आता त्याची एकूण पातळी वाढवा. आधी एक फुगलेला स्वर सगळी जागा अडवून बसला होता, आता बाकीचे स्वर ऐकू येतील.

गुणगुण, व्होल्टेज आणि शेजारी

आपल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ, म्हणजे सबवूफरच्या ऐन पट्ट्यात. नवं खोकं जोडल्यावर सलग गुणगुण आली तर आधी सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. केबल टीव्हीची वायर काढून बघा. तरीही गेली नाही तर सिग्नलच्या वाटेवर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवायचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नका, त्यात जिवाला धोका आहे. व्यावसायिक स्टेजवरचा क्रॉसओव्हर घेत असाल तर त्याची सिग्नल पातळी घरगुती उपकरणांपेक्षा नाममात्र १२ डेसिबेल वर असते, हे विचारात घ्या. न जुळल्यास खरखर वाढते. प्रोसेसर निदान २ व्होल्ट घेणारा आणि २ व्होल्ट देणारा असावा.

२००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. ती ए-भारित मोजणीवर आहे, आणि ए-भारित मीटर ५० हर्ट्झचा आवाज सुमारे ३० डेसिबेल कमी दाखवतो. तुमच्या मोबाइलवर आकडा सोज्वळ दिसेल, पण खालच्या मजल्यावरची खिडकी थरथरत असेल. शेजारच्यांना सर्वांत जास्त त्रास होतो तो साचणाऱ्या स्वरांचा. ते कापले की तुमचा बेस सुधारतो आणि त्यांची झोपही. रात्रीसाठी ५० हर्ट्झच्या खाली ६ ते १० डेसिबेल कमी केलेली दुसरी मांडणी प्रोसेसरमध्ये जपून ठेवा. म्हणूनच खरेदी करताना एकाहून अधिक प्रीसेट असलेला प्रोसेसर बघा.

पैसे कोणत्या क्रमाने घालावेत

सर्वांत आधी मापनाचा माइक घ्या. त्याने सबवूफरची जागा, क्रॉसओव्हरचा आकडा आणि फेज या तिन्ही गोष्टी हातातल्या सामानातच सुधारता येतात. त्यानंतरही उंचवटे उरले तर पॅरामेट्रिक फिल्टर, हाय-पास आणि विलंब एकत्र देणारा प्रोसेसर घ्या. आसनांमधला फरक खटकत असेल तर दुसरा सबवूफर घ्या. मोठ्या सबवूफरचा विचार या सगळ्यानंतर, आणि तोही फक्त आलेख नीट असून ताकद कमी पडत असेल तरच. काम झाल्यावर प्रत्येक नॉबचा फोटो काढा, फिल्टरचे आकडे वहीत लिहा, आणि हॉलमधला सोफा किंवा कपाट हललं की पुन्हा एकदा स्वीप घ्या.